ताठ ओढलेली तार

बाई मला मावशी म्हणायच्या. माझ्याहून लहान असतील तर दोनच वर्षांनी, तरी मावशी. शाळेत वर्ग झाडणाऱ्या, घंटा वाजवणाऱ्या बाईला मावशीच म्हणतात, मग ती पंचविशीची का असेना. मी कामाला लागले तेव्हा पंचविशीचीच होते. पुढे दोघी म्हाताऱ्या झालो, मी त्यांच्या बेलवलीच्या घरात खालच्या खोलीत भाड्याने राहायला आले, तरी मी मावशीच राहिले.

त्यात हाकसुद्धा तोंडाने मारायच्या नाहीत. शिट्टी मारायच्या. एक शिट्टी म्हणजे वर या. दोन म्हणजे सोडा, आता नको.

पहिल्याच दिवशी मी वर जाऊन सांगितलं, "बाई, मी कुत्रं नाय. शिट्टीवर येनार नाय."

"मग आलात कशा?" बाई म्हणाल्या आणि माझ्यापुढे चहा ठेवला.

उल्हासनगरला कॅम्पातल्या एका मराठी शाळेत त्या पीटी शिकवायच्या. उंच, काटकुळ्या. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट. गळ्यात शिट्टी, ती बुटाच्या काळ्या नाडीत ओवलेली. दागिना म्हणून बाईंच्या अंगावर मी तेवढीच पाहिली. लग्न केलं नाही. का केलं नाही ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. रिटायर झाल्यावरही दर रविवारी त्या बुटांना खडू फासून उन्हात ठेवायच्या, सोमवारी तपासणी असल्यासारख्या.

त्यांचं सगळं आयुष्य एका शब्दात होतं, ताठ. पाठ ताठ, मान ताठ, ओळ ताठ. सैल काही दिसलं की त्यांच्या जिवाला चैन पडायचं नाही. "सैल सोडलं की संपलं," असं म्हणायच्या. माझी कपडे वाळत घालायची दोरी जरा मध्ये लोंबायची. बाईंनी ती एवढी ओढून बांधली की दुसऱ्या दिवशी ओल्या चादरी टाकल्याबरोबर तटकन तुटली आणि माझं धुणं चिखलात गेलं. त्यांच्या खाटेची नवार तर अशी खेचलेली, की तिच्यावर झोपणं आणि फळीवर झोपणं सारखंच. अंबरनाथला एका लग्नात जेवणाच्या टेबलाशी गर्दी झाली, तर बाईंनी शिट्टी मारून सगळ्या वऱ्हाडाची उंचीप्रमाणे रांग लावली. नवऱ्या मुलाचा मामा ठेंगणा होता, तो पहिला आला आणि खूश झाला. बाकीचे अजून मला कुठे भेटले की त्याबद्दल बोलतात.

आणखी एक त्यांचा नियम होता, तो सांगायलाच पाहिजे. खो-खोत पोरं भांडायची, "आऊट नाय, आऊट नाय." बाई म्हणायच्या, "आऊट नाही, बाद म्हणायचं. आणि बाद झालेल्याने स्वतः हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. पंचाने बघितलं नाही तरी." कोणी हात वर केला नाही तर त्याला ओरडायच्या नाहीत. खेळच थांबवायच्या. सगळं मैदान उन्हात उभं. मग कधीतरी एक हात वर यायचा. मी व्हरांड्यात झाडू घेऊन बघत असायचे. हात कसा करायचा तेही ठरलेलं होतं. कोपर न वाकवता, तळवा उघडा, कानाला दंड चिकटलेला.

रिटायर झाल्यावर पहाटे गच्चीवर एकट्याच कवायत करायच्या. मला खाली ऐकू यायचं. "सावधान! एक, दोन, तीन, चार." मग "विश्राम!" असं स्वतःच ओरडायच्या आणि स्वतःच विश्राम घ्यायच्या. मी अंथरुणात पडल्या पडल्या म्हणायचे, एवढ्या मोठ्याने सांगायला वर आहे कोण? पण ज्या दिवशी आवाज आला नाही त्या दिवशी उठून जिन्याशी जायचे. मग समजायचं की नुसता घसा बसलाय.

माझे मुलगे खरवईला राहतात, आमच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये. मला तिथे बोलावतात. मी जात नाही. जिथे मी भात लावला तिथे लिफ्टने वर जायचं मला जमत नाही. म्हणून आम्ही दोघी एका घरात होतो, एक वर, एक खाली. मैत्रिणी होतो असं मी म्हणणार नाही. बाईंचं बोलणं माझ्या डोक्यात जायचं आणि माझं त्यांच्या.

बाईंकडे गाडी होती, ती त्यांच्या भाच्याची. तो पुण्याला असतो. बाईंचा डावा गुडघा ऑपरेशन करूनही वाकेना, तेव्हा त्याने आपली जुनी ऑटोमॅटिक गाडी आत्याला वापरायला दिली. तिला डाव्या पायाचं कामच नाही. गाडीचा कागद मात्र त्याच्याच नावावर होता, आणि गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेली की मेसेज त्याच्याच मोबाईलवर जायचा.

त्या गाडीने बाई रोज कुठे जायच्या, तर शाळेत. बेलवलीहून निघायचं, अंबरनाथवरून कॅम्पात, आणि शाळा सुटायच्या वेळेला फाटकासमोर उभं राहायचं. मग खाली उतरून रिक्षा थांबवायच्या, शिट्टी मारायच्या आणि पोरांना रांगेत रस्ता पार करून द्यायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. नव्या मुख्याध्यापकांनी दोनदा हात जोडून सांगितलं की आता वॉचमन आहे. रिक्षावाले निम्मे त्यांचेच विद्यार्थी. ते म्हणायचे, "बाई, आता तरी घरी बसा की!" बाई म्हणायच्या, "आधी रिक्षा ओळीत लाव." शेवटचं पोर गेलं की गाडीत बसून परत. तेवढ्यासाठी जायचं आणि तेवढ्यासाठी यायचं. मला हे खूळ वाटायचं आणि मी तोंडावर सांगायचे.

"मग दिवसभर काय करू?" बाई म्हणायच्या.

भाचा अधूनमधून रविवारी यायचा. माणूस वाईट नव्हता. मागच्या खेपेला गाडीवर ओरखडा दिसला तेव्हा म्हणाला, "आत्या, शेवटचं सांगतो. ह्यापुढे गाडीचं काही निघालं ना, तर गाडी पण नेणार आणि तुला पण नेणार. नवव्या मजल्यावर खोली तयार आहे."

तो गेल्यावर बाईंनी ओरखड्यावर खडू फासला.

आणि मग एका संध्याकाळी बाई परत आल्या आणि गाडीतून उतरेनात. मी भाकऱ्या टाकत होते. दोन भाकऱ्या झाल्या तरी जिन्यावर पाऊल वाजलं नाही म्हणून बाहेर आले. बाई गाडीत ताठ बसलेल्या.

"काय झालं? उतरत का नाय?"

"चावी सोडत नाही."

"कोन सोडत नाय?"

"गाडी. चावी निघत नाही. चावी ठेवून मी कशी येऊ? कोणी घेऊन गेलं तर?"

मी ओढून बघितली. फिरते, पण निघत नाही. मग मी त्यांना गाडीतच ताट दिलं. शेजारीण गॅलरीतून बघत होती. बाईंनी तिला काच खाली करून सांगितलं, "आज बाहेर जेवतोय."

मी म्हटलं, "नाक्यावर गॅरेजवाला आहे की. तुमचाच विद्यार्थी."

"त्याला मी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्यात. आणि तो असलं काम करत नाही, सरळ कंपनीत पाठवतो. कंपनीत गेली की मेसेज पुण्याला." मग भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाल्या, "रविवारी येणार आहे तो."

गाडीचं चुकलं की गाडी जाणार, आणि गाडीमागून बाई. हे मला कळायला चौथीच्या पुढचं शिक्षण लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मोबाईलवर व्हिडिओ शोधला. एक दाढीवाला माणूस गाडीत बसून हिंदीत सांगत होता, "तो दोस्तों." बाईंनी तो पुन्हा पुन्हा बघितला आणि मग मला शिकवलं. गिअरच्या दांड्याशेजारी चार इंग्रजी अक्षरं होती. बाईंनी त्यांच्या बाजूला खडूने मराठी लिहिली.

"प म्हणजे पडून राहा. गाडी बांधली. र म्हणजे रिव्हर्स. न म्हणजे नाही, कोणी धरलेलं नाही, ढकलली तर जाईल. ड म्हणजे दौड."

"दौडला द लागतो," मी म्हटलं.

"गाडी परदेशी आहे. चालवून घ्या. आणि हा मधला हँडब्रेक. तो वर ओढला की गाडी मेली. मी कधी वापरत नाही, प पुरतो. पण आज ओढून ठेवू." तो त्यांनी मला ओढायला लावला. गच्च होता.

मग म्हणाल्या, "आता नीट ऐका. ह्या दांड्यापासून चावीपर्यंत आतून एक तार गेलीय. दांडा प वर नसेल तर तार चावी सोडू देत नाही. आणि चावी काढली की दांडा प वरून हलत नाही. दोघं एकमेकांना धरून असतात. ती तार सरकलीय, म्हणून दांडा प वर असूनही चावीला ते कळत नाही."

"नवराबायकोसारखं आहे."

"मला काय माहीत."

"माझा गेला तेव्हा काय अडलं? काय नाय," मी म्हटलं. "चला, काढा तुमची तार."

दांड्याच्या बाजूचं झाकण माझ्या उलथण्याने निघालं. उलथण्याला फडकं गुंडाळलं होतं, तरी झाकणाचा एक कोपरा उडालाच. आत बघितलं तर काळी, पेन्सिलपेक्षा बारीक तार आणि तिच्यावर एक पांढरं प्लास्टिकचं बोंड. बोंड वर उचललं की तार मोकळी होते, खाली दाबलं की पक्की. सगळं काम एवढंच. दांडा प वर ठेवायचा, चावी बंद करायची, बोंड उचलायचं, तार आपल्या जागी बसू द्यायची, बोंड दाबायचं.

मी स्टेअरिंगसमोर बसले. त्या सीटवर मी पहिल्यांदाच बसत होते. बाई पलीकडच्या सीटवर आडव्या, वाकत नसलेला पाय दाराबाहेर, डोकं दांड्याशी, कपाळाला ओढणीने बॅटरी बांधलेली. बोलायला तोंड मोकळं नव्हतं कारण तोंडात शिट्टी होती. ठरलं असं, की एक शिट्टी म्हणजे चावी धरा, दोन म्हणजे सोडा.

एक शिट्टी झाली. मी धरली. दोन झाल्या. सोडली. पुन्हा एक. मग आतून कुरकुर.

"सैल आहे," बाई शिट्टी बाजूला करून म्हणाल्या. "बोंड उचललं तर तार लोंबतेय नुसती."

"तो दाढीवाला बोलला ना, ओढायची नाय. आतली स्प्रिंग आपोआप घेते."

"तो पोक काढून बसला होता. त्याचं काय ऐकायचं?"

आणि बाईंनी तार दोन बोटांत धरून ताठ ओढली आणि बोंड दाबलं. टक्कन आवाज आला. दोन शिट्ट्या. मी चावी फिरवून ओढली आणि चावी माझ्या हातात आली.

"सुटली!" मी ओरडले. बाई आतून एवढ्या जोरात उठल्या की दांड्यावर डोकं आपटलं. टेंगूळ आलं. त्या दिवशी त्यांनी चहात साखर घातली, एरवी घालायच्या नाहीत. चावी पुन्हा लावून, पुन्हा काढून, मला पुन्हा पुन्हा दाखवली. दर खेपेला दांडा प वरच होता. दुसऱ्या अक्षरावर ठेवून चावी निघते का, ते कोणी बघितलंच नाही.

रविवारी भाचा आला. गाडीत बसला, नाक्यापर्यंत जाऊन आला, दांडा प वर घेतला, चावी काढली. म्हणाला, "मस्त ठेवलीयस आत्या. चालू दे." बाई ताठ उभ्या होत्या, पण मागे बांधलेले हात पदराचं टोक पिळत होते. मी मागे होते म्हणून मला दिसले. त्याला दिसले नाहीत.

पुढचे काही आठवडे रोजच्यासारखे गेले. मग एकदा मला कॅम्पातून लग्नाचं कापड घ्यायचं होतं, नातीचं लग्न. म्हणून मी बाईंबरोबर गेले. कापड घेतलं, दुकानदाराशी भांडले, पिशव्या मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले. शाळा सुटायची वेळ झाली होती. बाईंनी फाटकाच्या वरच्या अंगाला गाडी थांबवली. तिथे रस्ता उताराचा आहे. घाईत होत्या, पोरं बाहेर यायला लागली होती. दांडा पुढे ढकलला, चावी काढली, शिट्टी तोंडात घेऊन उतरल्या.

बाईंची सवय अशी, की चावी हातात आली म्हणजे गाडी बांधली गेली. गाडीनेच ती सवय लावली होती. प वर गेल्याशिवाय ती चावी सोडायचीच नाही. पण आता मधली तार ताठ बसली होती आणि दांडा कुठल्याही अक्षरावर असला तरी चावी सुटत होती.

मला वाटलं रिक्षाच मागे चालली आहे. मग कळलं, आपण पुढे चाललोय. हळू, माणूस चालतो तेवढं. समोर पोरांची रांग अर्ध्या रस्त्यात. बाईंची आमच्याकडे पाठ, दोन्ही हात पसरून रिक्षा अडवलेल्या. मी ओरडले. काचा बंद. मग एक पोरगी आमच्याकडे बोट दाखवायला लागली तेव्हा बाई वळल्या.

त्यांनी शिट्टी मारली ती मी कधी ऐकली नव्हती, एक ना दोन, लांबच लांब. पोरं जिथून आली तिथे, फाटकाच्या भिंतीला जाऊन चिकटली, ओळीत. रिक्षावाले शिव्या द्यायचे थांबले. मी पिशव्या टाकल्या आणि मधला हँडब्रेक दोन हातांनी वर ओढला, विहिरीतून भरली कळशी ओढतात तसा. गाडी थांबली. बाई जागच्या हलल्या नव्हत्या. गाडीचं नाक त्यांच्या साडीला लागलं होतं.

कोणाला काही झालं नाही. एक रिक्षावाला हसला, "काय बाई, हँडब्रेक विसरलात? बाद!" पोरं पण हसली. मी दांड्याकडे बघितलं. खडूच्या न वर होता.

आम्ही घरी आलो. अंगणात गाडी उभी करून, हँडब्रेक ओढून, बाईंनी दांडा ड वर घेतला आणि चावी काढली. निघाली. न वर घेतला, निघाली. र वर, निघाली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सगळीकडे सुटते."

"मग पुन्हा उचलू बोंड," मी म्हटलं. "त्या दाढीवाल्याने सांगितलं तसं करू. सैल सोडू. उलथणं आणते."

"नको."

"बाई, कोनाला काय झालं नाय. कोनी बघितलं नाय. त्यांना वाटलं हँडब्रेक विसरलात. पुन्याला कोन सांगनार? मी तर नाय."

"मी बघितलं," बाई म्हणाल्या.

त्यांनी तिथेच, गाडीत बसून, भाच्याला फोन लावला. पोरगा बाद झाल्यावर सांगतो तसं सांगितलं, एका दमात, कारणं न देता. तार मी ओढली, गाडी पोरांवर गेली, येऊन घेऊन जा.

तो आला, गाडी आधी कंपनीत नेली. मेसेज त्याच्याच मोबाईलवर आला, तो तिथेच उभा असताना. तिथल्या मुलाने बोंड उचललं, तार सोडली, बोंड दाबलं. चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला, असं भाचा मला सांगत होता.

पुण्याहून बाईंचा फोन यायचा. एकदा म्हणाल्या, "इथे खाली मुलं खेळतात, पण नवव्या मजल्यावरून शिट्टी पोचत नाही." मी म्हटलं, "मग खाली जा." म्हणाल्या, "लिफ्टमध्ये रांग नसते हो, सगळे एकदम घुसतात." मग दोघी गप्प. फोनवर गप्प बसायला पैसे लागत नाहीत हल्ली, म्हणून बसलो.

आता बाई नाहीत. भाच्याचा फोन आला तेव्हा मी भात टाकला होता. "बरं," म्हटलं आणि भात उतरवला. पाहिजे तेवढा शिजू दिला नव्हता, कच्चा राहिला, तसाच खाल्ला. वरच्या मजल्याला कुलूप आहे. पहाटे जाग येते ती येतेच. वर कोणी सावधान म्हणत नाही.

त्या पुण्याला गेल्या तो दिवस मला जास्त लक्षात आहे. भाचा गाडी चालवणार होता, बाई त्याच्या शेजारी. मांडीवर पांढऱ्या बुटांची पिशवी. मला वाटलं काहीतरी बोलतील. म्हणाल्या, "मावशी, दोरी सैल बांधा आता. मी नाही ओढायला." भाच्याने दांडा र वर घेतला आणि गाडी अंगणातून मागे गेली.

गाडी वळणावर पोचली तेव्हा बाईंचा हात खिडकीतून बाहेर आला. कोपर न वाकवता, तळवा उघडा, सरळ वर.

शेजारीण गॅलरीतून म्हणाली, "बघा, टाटा करतायत. तुम्ही पण करा की."

मी नाही केला. मी अजून बाद नाही.